हर्शेलचा बर्फ संपला म्हणून अख्खी दुर्बीण सोडून दिली? कॉम्प्रेसर का नाही नेला?

बर्फवाला_मिरकरवाडा
5 जुलै, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यावर ऑपरेटर आहे, एकोणीस वर्षं झाली. सध्या मासेमारी बंद, 31 जुलैपर्यंत बोटी वर ओढलेल्या. कारखाना थंड पडलाय, म्हणजे ब्राइन (डबे गोठवायचं मिठाचं पाणी) गरम झालंय. त्यामुळे वाचायला वेळच वेळ.

सुरुवात झाली ती मे महिन्यात. पॅनेल तपासायला एक वायरमन आला होता, त्याच्याकडे थर्मल कॅमेरा. त्यातून त्याने मला माझंच तोंड दाखवलं, पेटल्यासारखं. अमोनियाची रिटर्न लाइन काळी कुळकुळीत. भिंतीला हात टेकवून काढला तर पंजाचा ठसा बराच वेळ तसाच. म्हणाला, हा 8 ते 14 मायक्रॉन लांबीच्या तरंगांचा उजेड बघतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मी विचारलं, अहो पण हा कॅमेराही आमच्याच खोलीत, तोही तेवढाच गरम, मग हा स्वतःच्या उजेडाने आंधळा कसा होत नाही? वायरमन म्हणाला, बिल कोणाच्या नावाने करू ते सांगा.

शंका डोक्यातून जाईना म्हणून वाचत गेलो आणि दूर-अवरक्त, म्हणजे त्याहून लांब तरंगांचा अदृश्य उजेड बघणाऱ्या, दुर्बिणींवर येऊन अडकलो. त्यात हर्शेल या अवकाश दुर्बिणीची गोष्ट वाचून खरं सांगतो, राग आला. 3.5 मीटरचा आरसा, तोवर अवकाशात गेलेला सगळ्यात मोठा. 14 मे 2009 ला सुटली. सोबत 2300 लिटरच्या वर द्रव हीलियम. 29 एप्रिल 2013 ला हीलियम संपलं आणि दुकान बंद. आरसा शाबूत, सोलर पॅनेल शाबूत, रेडिओ चालू. फक्त बर्फ संपला! आमच्याकडे तांडेलाचा बर्फ संपत आला की तो बोट फिरवतो, जेट्टीला लागतो, क्रशरखाली खण भरून घेतो आणि परत जातो. 15 लाख किलोमीटरवर कुठली जेट्टी?

मग माझे प्रश्न. बर्फ भरून नेण्यापेक्षा बर्फ करायचं यंत्रच का नाही नेलं? वीज सूर्याची फुकट, बाहेर थंडी फुकट, आणखी काय पाहिजे. दुसरं, वेब दुर्बिणीचा आरसा तर 6.5 मीटरचा आहे आणि ती सावलीत बसून थंड होते म्हणतात, मग ती 28 मायक्रॉनच्या पुढे का बघत नाही? आणि तिसरं, उद्या नवी बांधायची झाली तर पैसे कशावर घालायचे, आरसा मोठा करण्यावर की थंड करण्यावर? आमच्या मालकाला दोन्ही पाहिजे असतं, पण ते सोडा.

सोपं करून सांगू नका, हिशेब घालून सांगा. रेफ्रिजरेशन कळतं मला.


रापणकार_मालवण
5 जुलै, रात्री 11:15

माका येक सांगा, इतक्या लांब न्हेऊचीच कित्याक? आंबोलीच्या डोंगरार ठेवा. थंडी पण आसा आणि बर्फ संपलो तर टेंपो पाठवूक येता.


निवृत्त_डेवर
6 जुलै, सकाळी 8:05

रापणकार, आंबोलीत वर्षाला किती पाऊस पडतो ते तुम्हीच सांगा, मग उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. साधारण 30 ते 300 मायक्रॉनचा उजेड हवेतली पाण्याची वाफ गिळून टाकते. कोकणात कपडे वाळत नाहीत त्या दिवसांत तर विचारूच नका, पण चिलीच्या वाळवंटात 5000 मीटरवर आल्मा नावाची दुर्बीण आहे तिथूनही या पट्ट्यातला बहुतेक भाग दिसत नाही. हवेच्या वर जाणं भाग आहे. आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने एक मीटरची दुर्बीण हैदराबादहून बलूनला बांधून वर पाठवली, अनेक वेळा, आणि तिच्यातून दूर-अवरक्त निरीक्षणं घेतली. नासा आणि जर्मनीने बोइंग 747 च्या पोटात भोक पाडून त्यात दुर्बीण बसवली होती, सोफिया नावाची, ती 2022 मध्ये बंद झाली. पण बलून काय, विमान काय, थोडी हवा डोक्यावर राहतेच, आणि आरसा हवेइतकाच गरम राहतो. तो दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे.

बर्फवाले, आता तुमच्याकडे. मी मुंबईत एका प्रयोगशाळेच्या हीलियम प्लांटवर 31 वर्षं काढली, आता गुहागरला सुपारीला पाणी घालतो. तुमच्याच बर्फापासून हिशेब मांडू.

एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता पितो, हे तुम्हाला पाठ असेल. एक लिटर द्रव हीलियम उकळून जायला जेमतेम अडीच किलोज्यूल पुरतात. म्हणजे कुठून एक वॅट गळती झाली तर तासाला जवळजवळ दीड लिटर हीलियम गेलं. आमच्याकडे नवीन पोरगा ट्रान्सफर लाइन नीट थंड न करताच डेवरमध्ये, म्हणजे हीलियमच्या थर्मासात, खुपसायचा, की डोळ्यांदेखत पाच-दहा लिटरची वाफ. ती रिकव्हरी बॅगेत जायची, बॅग टम्म फुगायची आणि अख्ख्या मजल्याला कळायचं की आज कोणीतरी घाई केली.

हर्शेलचं हीलियम अतिप्रवाही अवस्थेतलं, 2.17 केल्विनच्या (उणे 271 अंश सेल्सिअसच्या) खाली. ते थोडं दाट आणि थोडं जास्त उष्णता पिणारं, पण फार फरक नाही. 2300 लिटर चार वर्षांना पुरवायचं म्हणजे टाकीत शिरणारी उष्णता सरासरी 60 मिलिवॅटच्या आसपास ठेवावी लागते. आणि ही गंमत बघा: ते सगळं हीलियम उकळताना जेवढी उष्णता प्यायलं, तेवढी तुमचा वीस-पंचवीस किलो बर्फ पितो. तुमच्या एका लादीचा तुकडा. त्या तुकड्यावर त्यांनी चार वर्षं काढली. हे जमलं कारण उकळून निघणारी वाफही फुकट जाऊ दिली नाही, टाकीभोवतीच्या कवचांतून फिरवत फिरवत बाहेर सोडली. हीलियमची खरी ताकद त्या थंड वाफेत असते. म्हणून ती सोडून दिली याचा राग धरू नका. मी तर त्या टाकीला हात जोडतो.

कूलर का नाही? तर त्याच रॉकेटवर शेजारी बसून गेलेल्या प्लँक उपग्रहात यंत्राचे कूलर होतेच. हर्शेलची टाकी मात्र 1995 च्या आयएसओ दुर्बिणीच्या टाकीच्या वाणाची, हात बसलेली. नवीन यंत्र मधेच बंद पडलं तर पहिल्या दिवशी संपलं, टाकी निदान किती दिवस पुरेल ते सांगून मरते. मी त्या खुर्चीत असतो तर मीही टाकीच घेतली असती.

आणि बाहेर थंडी फुकट, हे अर्धंच खरं. अवकाशात उष्णता घालवायची ती फक्त उजेडाच्या रूपाने, आणि तो उजेड तापमानाच्या चौथ्या घाताने कमी होत जातो. 300 केल्विनचा काळा पत्रा चौरस मीटरमागे 459 वॅट फेकतो. 40 केल्विनचा पत्रा फेकतो 0.145 वॅट. 4.5 केल्विनचा किती? 23 मायक्रोवॅट. म्हणजे सावली कितीही छान धरा, चाळीसच्या आसपास गाडी रुतते. तिथून पुढे यंत्राला पर्याय नाही. आणि यंत्राला 4.5 केल्विनवरची एक वॅट उष्णता उचलून 300 केल्विनवर टाकायची तर आदर्श चक्रातही 66 वॅट वीज लागते. प्रत्यक्षात ती हजारांत जाते. तुमच्या अमोनिया प्लांटच्या कोणा सेल्समनने असा आकडा सांगितला असता तर तुम्ही त्याला जेट्टीवरून ढकलला असता.

तरी आता तोच मार्ग आहे. वेबवर मिरी नावाचं उपकरण आहे, ते 7 केल्विनच्या खाली ठेवायला असाच कूलर बसवलाय. त्याचा कॉम्प्रेसर उन्हाच्या बाजूला आणि थंड टोक लांब सावलीत. तुमच्या स्प्लिट एसीसारखं समजा, आउटडोअर युनिट बाहेर. थरथर बाहेर, गरमी बाहेर.

उरलेलं रात्री लिहितो, प्लंबर आलाय.


निवृत्त_डेवर
6 जुलै, रात्री 9:30

आता थर्मल कॅमेऱ्याची शंका, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

तुमचा कॅमेरा आंधळा होत नाही कारण तो तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही भडक आहात. तो स्वतःची चमक वजा करून टाकतो, उरतं तेवढं पुरतं. पण कल्पना करा की त्याच कॅमेऱ्याला फयान वादळाच्या समुद्रात...

बरं, फयान नको, साधी काळोखी रात्र घ्या. पाण्यात चकाकी आलीय, लाट फुटली की निळा उजेड. तुमच्या बोटीवर एलईडी पेटवलेले आहेत. दिसेल ती चकाकी? एलईडीचा उजेड वजा करून दिसेल, असं म्हणून बघा. दिवे विझवावेच लागतात.

हर्शेलचा आरसा म्हणजे तो एलईडी. आतले डिटेक्टर 0.3 केल्विनपर्यंत थंड, पण आरसा नुसत्या सावलीवर, 85 केल्विनच्या आसपास. 85 केल्विनची वस्तू सगळ्यात जास्त चमकते ती 34 मायक्रॉनला, आणि 100 मायक्रॉनलाही भरपूर. आकाशातली थंड धूळ, जी 30 केल्विनला असते, तीही 100 मायक्रॉनच्या आसपासच चमकते. म्हणजे चकाकीचा आणि एलईडीचा रंग एकच. हर्शेलने जे काही पाहिलं ते स्वतःच्या दिव्यांच्या उजेडात पाहिलं, हे लक्षात घेतलं की तिचं कौतुक वाढतं.

वेबचा आरसा 45 केल्विनच्या आसपास धरा. 100 मायक्रॉनला त्याची चमक हर्शेलच्या आरशापेक्षा किती कमी? मी हिशेब केला, फक्त पाचेक पट. फार वाटलं नाही ना? पण तोच आरसा 4.5 केल्विनवर न्या, चमक लाख कोटी पटींहूनही जास्त घसरते. शेवटच्या थोड्या अंशांत सगळा खजिना दडलाय. मग आरसा गायबच होतो, उरते ती आपल्याच सूर्यमालेतल्या धुळीची आणि आकाशाची मूळ चमक. वेब 28 च्या पुढे का जात नाही याचं अर्धं उत्तर हे. बाकीचं अर्धं म्हणजे ती मुळात त्यासाठी बांधलेलीच नाही, तिचे डिटेक्टर वेगळ्या जातीचे.

म्हणून माझं मत: आधी थंड, मग मोठा. आरसा दुप्पट केला तर उजेड चौपट येतो. आरसा थंड केला तर त्याच जागी शेकडो पट मंद गोष्टी दिसू लागतात, आणि निरीक्षणाचा वेळ तर त्याच्याही वर्गाने वाचतो. स्पिट्झर फक्त 85 सेंटीमीटरची होती, पण तिचा आरसा साडेपाच केल्विनवर. त्याआधी 1983 मध्ये आयरास, 57 सेंटीमीटर, दहा महिने चालली आणि जवळजवळ सगळं आकाश पाहून गेली. छोट्या पण थंड. जपान आणि युरोप मिळून स्पिका बांधणार होते, अडीच मीटर, 8 केल्विनच्या खाली. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये ती रद्द झाली. पेपरात दोन ओळींची बातमीसुद्धा वाचल्याचं आठवत नाही.


बर्फवाला_मिरकरवाडा
7 जुलै, दुपारी 1:20

काका, कागदावर उतरवून घेतलंय सगळं. वीस-पंचवीस किलोचा आकडा मी तीनदा करून बघितला. बरोबर येतोय. कारखान्यात कोणाला सांगितला तर हसतील म्हणून सांगितला नाही.

एकच. एवढं थंड झाल्यावर वस्तू आकसत नाहीत का? आमचे बर्फाचे डबे नुसते उणे 10 ला जातात तरी जुने सांधे उकलतात. तुमचा आरसा उणे 268 ला जाणार.


चिपळूणची_फिजिक्स
7 जुलै, रात्री 10:10

मधे पडते, काकांची परवानगी गृहीत धरून. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते.

आकसतात तर! ॲल्युमिनियमचा एक मीटरचा दांडा खोलीच्या तापमानावरून तिथवर नेला तर जवळपास 4 मिलिमीटर आखूड होतो. म्हणून शक्यतो आरसा आणि त्याचा सांगाडा एकाच पदार्थाचा करतात, म्हणजे सगळंच एका प्रमाणात आकसतं. स्पिट्झरमध्ये बेरिलियम, हर्शेलमध्ये सिलिकॉन कार्बाइड, बारा तुकडे डाख देऊन जोडलेले. वेबचे बेरिलियमचे तुकडे तर थंडीत मोजले, कुठे किती वाकतात ते बघितलं, आणि मग गरम असताना मुद्दाम उलटं चुकीचं घासलं, म्हणजे थंडीत बरोबर येतील. शिंपी आटणारं कापड मापाला जास्त घेतो, त्यातलाच प्रकार.

मात्र दूर-अवरक्तात घासणं फार लाडाचं नसतं. तरंगच लांब, त्यामुळे पृष्ठभागाची काही मायक्रॉनची चूक खपते. हबलच्या आरशाची कड 2.2 मायक्रॉनने चुकली आणि जगभर नाचक्की झाली. 100 मायक्रॉनला बघणाऱ्या दुर्बिणीत तेवढी चूक कोणाला कळलीही नसती.

पण इथेच माझं काकांशी पटत नाही. तरंग लांब म्हणजे चित्र धूसर. 3.5 मीटरच्या हर्शेलला 100 मायक्रॉनला सुमारे 7 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) इतकंच बारीक दिसायचं, 500 मायक्रॉनला 36 विकला. अख्खा चंद्र 1800 विकलांचा आहे, म्हणजे त्याच्या आडव्या रेषेत 500 मायक्रॉनचे पन्नास ठिपके मावतात. हबल 2.4 मीटरची असून दृश्य प्रकाशात विकलेच्या विसाव्या भागापर्यंत जाते. आता त्या एका ठिपक्यात दहा दीर्घिका आल्या तर? आरसा कितीही थंड करा, कितीही वेळ बघत बसा, त्या वेगळ्या होणार नाहीत. याला गर्दीची मर्यादा म्हणतात, आणि हर्शेल तिच्या लांब तरंगांना त्या भिंतीला जाऊन आपटली होती, हीलियम शिल्लक असतानाच. जाळं कितीही वेळ टाकून ठेवलं तरी आसाचं, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं, माप बदलत नाही.

शिवाय थंड करून ज्या मंद दीर्घिका तुम्ही नव्याने मिळवता, त्याच गर्दी आणखी वाढवतात. म्हणून आधी थंड, मग मोठा, हे 85 सेंटीमीटरच्या जमान्यात ठीक होतं. आता दोन्ही एकदम लागतं. ओरिजिन्स नावाचा आराखडा होता अमेरिकेत, 5.9 मीटर आणि 4.5 केल्विन. कागदावरच राहिला. 2021 च्या त्यांच्या दशकी अहवालाने मोठा मान दृश्य प्रकाश आणि अतिनील बघणाऱ्या दुर्बिणीला दिला, दूर-अवरक्ताला लहान मोहिमेच्या शर्यतीत उभं केलं.


निवृत्त_डेवर
8 जुलै, सकाळी 7:50

बाईंचा मुद्दा मान्य, अर्धा. नुसते फोटो काढायचे असतील तर गर्दी आडवी येते. पण उजेड रंगांत फोडला तर?

काळोखात दहा बोटी एका जागी आहेत, दिसत एकच ठिपका आहे. तरी जेट्टीवरचा म्हातारा इंजिनाच्या आवाजावरून सांगतो, ही अमक्याची, ती तमक्याची. आकाशातही तसंच, प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक तरंगांवर रेषा उमटवतं. आयनित कार्बनची रेषा 158 मायक्रॉनला, ऑक्सिजनच्या 63 आणि 88 ला. विश्व फुगतंय, त्यामुळे लांबच्या दीर्घिकेची रेषा जास्त सरकलेली. एकाच ठिपक्यात दोन दीर्घिका असल्या तरी रेषा वेगळ्या जागी येतात. ठिपका फोडायची गरज उरत नाही. आणि वर्णपट काढायचा म्हणजे मुळातच थोडा उजेड आणखी हजार भागांत वाटायचा, तिथे आरशाची चमक बिलकुल परवडत नाही. परत थंडीच!

प्रिमा हा प्रस्ताव याच धर्तीवर आहे. आरसा फक्त 1.8 मीटर, म्हणजे हर्शेलच्या निम्मा, पण 4.5 केल्विन. 2024 मध्ये नासाने पुढच्या अभ्यासासाठी दोन कल्पना निवडल्या त्यात ही आहे, दुसरी क्ष-किरणांची. टाकी नाही, कूलर. बर्फवाले, तुमचा पहिला प्रश्न त्यांनी ऐकलेला दिसतो.


चिपळूणची_फिजिक्स
8 जुलै, रात्री 9:45

रेषांचा मुद्दा चांगला आहे, पण तो दीर्घिकांपुरता. जवळच्या ताऱ्याभोवती ग्रह बनतायत ती तबकडी घ्या. हायड्रोजन नुसता दिसत नाही म्हणून त्याचा जड भाऊ असलेला रेणू शोधतात, 112 मायक्रॉनला. हर्शेलने तो टीडब्ल्यू हायड्री या ताऱ्याभोवती पकडला आणि तबकडीचं वजन काढता आलं. पण तबकडीत तो नेमका कुठे, पाणी गोठायला लागतं ती बर्फाची रेषा कुठे, पाणी कुठे? त्याला विकलेच्या खाली जावं लागतं, आणि 100 मायक्रॉनला एक विकला गाठायलाच 25 मीटरचा आरसा लागेल. तो कोणत्या रॉकेटच्या टोपीत मावणार? हर्शेलचा 3.5 मीटरचा आरसा आख्खा गेला, कारण एरियन 5 च्या टोपीत साडेचार मीटरच्या आसपासच मोकळी जागा. आपल्या एलव्हीएम3 ची टोपी 5 मीटरची, तीही बाहेरून. वेबला घडी घालावी लागली ती हौस म्हणून नव्हे.

त्याला उपाय म्हणजे दोन लहान आरसे लांब दांड्याच्या दोन टोकांना. स्पिरिट नावाच्या आराखड्यात एक-एक मीटरचे दोन आरसे आणि 36 मीटरपर्यंतचा दांडा होता. दांडा फिरवत जायचा, अंतर बदलत जायचं, आणि दोघांचा उजेड मधे एकत्र आणायचा. आल्मा जमिनीवर हेच करते. अवकाशात दूर-अवरक्तात अजून कोणी केलेलं नाही. आणि हो, काका, ते आरसेही थंडच हवेत. तेवढं तुम्हाला देऊन टाकते.


रापणकार_मालवण
9 जुलै, रात्री 12:05

36 मीटरचो दांडो. आमच्या आउटरिगरचो बांबू वाऱ्यात हलता तेचीच काळजी लागता.


निवृत्त_डेवर
9 जुलै, सकाळी 8:30

रापणकारांनी एका ओळीत सगळ्या प्रकल्पाचं नाक दाबलं. दांडा मायक्रॉनच्या हिशेबात कुठे आहे ते सतत कळायला हवं, आणि त्यावर कूलर थरथरणारच. म्हणूनच तो कागदावर आहे.

बर्फवाले, तुमच्या कामाचं एक राहिलं. सावली. वेबच्या छत्रीला टेनिस कोर्टाएवढे पाच थर आहेत, केसापेक्षा पातळ, चांदीसारखे चकचकीत. एकच जाड थर का नाही? कारण दोन थरांच्या मधल्या फटीतून उष्णता उड्या मारत मारत कडेने बाहेर निसटते. थर एकमेकांना समांतर नसतात, कडेकडे फाकत जातात, हातपंख्यासारखे. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा खूप थंड. आणि जागा अशी निवडायची की सूर्य, पृथ्वी, चंद्र सगळे छत्रीच्या एकाच अंगाला येतील. आदित्य एल1 सूर्याकडे 15 लाख किलोमीटर गेलं, तर या दुर्बिणी तेवढ्याच उलट बाजूला, एल2 या बिंदूपाशी.

जमिनीवर याची परीक्षा घेणं हे वेगळंच दुखणं. वेबची थंडीची चाचणी 2017 मध्ये ह्यूस्टनच्या मोठ्या निर्वात खोलीत चालू होती आणि बाहेर हार्वे वादळ येऊन धडकलं. दुर्बीण आत गोठलेली. एकदम गरम होऊ द्यायची तर धोका, आणि थंड ठेवायला द्रव नायट्रोजनचे टँकर रस्त्यांवरून यायला हवेत, रस्त्यांवर पाणी. निभावलं त्यांनी.


बर्फवाला_मिरकरवाडा
9 जुलै, रात्री 11:00

तौक्तेच्या वेळी आमची लाइट गेली तेव्हा डबे अर्धे जमलेले होते. ना बर्फ ना पाणी. जनरेटरला डिझेल आणायला मी स्वतः गेलो होतो, रस्त्यात झाडं. ह्यूस्टनवाल्यांची ती रात्र मला कोणी समजावून सांगायला नको.

थरांचं मात्र डोक्यात बसलं. करून बघतो.


बर्फवाला_मिरकरवाडा
12 जुलै, संध्याकाळी 6:30

करून बघितलं. शेजारच्या छोट्या प्लांटवरून, तो घरगुती ऑर्डरसाठी चालू असतो, पाच-पाच किलोचे तीन तुकडे आणले. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी 7 ला ठेवले. पहिला उघडा. दुसऱ्यावर चांदीच्या रंगाचा प्लास्टिक कागद, तीन थर, मधे काड्या घालून फटी ठेवलेल्या, कडेने फाकवलेल्या, काकांनी सांगितल्याप्रमाणे. तिसरा आपला नेहमीसारखा, लाकडाचा भुसा आणि वरून गोणपाट.

दुपारी 12 ला वजन केलं. उघडा दीड किलो. चांदीवाला तीन किलोला थोडा कमी. भुसावाला पावणेचार.

काका, वेबच्या छत्रीपेक्षा आमचा भुसा भारी, असं लिहून टाकू का?


निवृत्त_डेवर
12 जुलै, रात्री 8:15

लिहा की! तुमच्या शेडमध्ये हवा आहे, आणि ती ओली. फटीतून ती खालीवर फिरते, थंड कागदावर दव धरते, प्रत्येक थेंब आपली उष्णता आत सोडून जातो. भुशाचं काम हवेला जागच्या जागी बांधून ठेवणं, ते तो चोख करतो. जिथे हवाच नाही तिथे भुशाला बांधायला काही उरत नाही, उलट कण कणाला टेकून उष्णता आत पोचवतात, आणि तिथे फट जिंकते. आमच्या डेवरच्या दोन भिंतींमधे निर्वात आणि चकचकीत फिल्मचे डझनावारी थर असायचे. एकदा निर्वात फुटला होता. बाहेरून अख्ख्या डेवरला घाम आला, मग बर्फाचं कवच धरलं, आणि सेफ्टी व्हॉल्व्हने जी शिट्टी धरली ती तासभर थांबली नाही.

तीन किलो म्हणजे कागदाने उघड्याच्या जवळजवळ दुप्पट बर्फ राखला हे विसरू नका. आता चांदीचा कागद भुशाच्या वर घालून बघा.


चिपळूणची_फिजिक्स
12 जुलै, रात्री 10:20

बर्फवाले, या तीन वजनांचा मी अकरावीला तास घेऊ का? शेडमधलं तापमान लिहून ठेवलं असेल तर पाठवा.


बर्फवाला_मिरकरवाडा
12 जुलै, रात्री 10:50

घ्या ना. तापमान 29, भिंतीवरच्या काट्यावर. तो काटा एक अंश जास्त दाखवतो, त्यामुळे 28 धरा.

चांदी आणि भुसा दोन्हीचा प्रयोग 1 ऑगस्टनंतर. तेव्हा बोटी सुटतील आणि शेडमध्ये तुकडा ठेवायलाही जागा नसेल, पण एका तांडेलाला पटवलाय. त्याच्या खणात एका कप्प्यावर कागद, एकावर नाही. चार दिवसांनी परत येईल तेव्हा सांगतो.